ड्रोन आले, मग तोफा कशाला हव्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: युक्रेनमध्ये काही शे डॉलरचा ड्रोन कोट्यवधींचा रणगाडा जाळताना रोज दिसतो. मग भारताने मार्च २०२५ मध्ये ३०७ ‘अटॅग्ज’ या देशी बनावटीच्या, ओढून न्यायच्या तोफांसाठी सुमारे सात हजार कोटी रुपयांचा करार का केला? पानिपत, असई, पहिले महायुद्ध, कारगिल इथे तोफांनी मोठे काम केले असेलही; पण पुढच्या लढाईत त्यांना काम काय उरणार?

मी उमेदीची सगळी वर्षे भारतीय तोफखान्यात काढली. ओपीवर, म्हणजे लक्ष्य पाहण्याच्या निरीक्षण चौकीवर बसलो, गन पोझिशन म्हणजे तोफांची जागा सांभाळली आणि पुढे देवळालीला तोफखान्याच्या शाळेत शिकवलेही. माझे मत आधीच सांगतो. तोफखान्याची ताकद तोफेत जेवढी असते, त्याहून जास्त ती लक्ष्य पाहणाऱ्या डोळ्यात, आकडेमोडीत आणि मागून येणाऱ्या दारूगोळ्यात असते. ड्रोनने यातला डोळा पार बदलून टाकला आहे. बाकीच्या गोष्टी जिथे होत्या तिथेच आहेत, आणि त्यांच्यावरचा ताण उलट वाढला आहे.

हे समजण्यासाठी एक मारा प्रत्यक्षात कसा होतो ते पाहू. देवळालीच्या फायरिंग रेंजवर नवा अधिकारी ओपीवर बसतो तेव्हा त्याला तोफा दिसत नाहीत. त्या आठ-दहा किलोमीटर मागे, एखाद्या टेकडीच्या आड असतात. त्याच्याकडे दुर्बीण, नकाशा आणि रेडिओ. तो लक्ष्याचे ग्रिड (नकाशावरची जागा), उंची आणि स्वतःपासूनची दिशा कळवतो. कमांड पोस्टमध्ये आकडे निघतात, तोफेवर लेयर, म्हणजे नेम लावणारा जवान, दिशा आणि उंची लावतो, रेडिओवर ‘शॉट’, म्हणजे गोळा सुटला, असे ऐकू येते आणि मग वाट पाहायची. धूर उठला की पहिल्या दोन सेकंदांत निकाल द्यावा लागतो. धुराने लक्ष्य झाकले तर गोळा अलीकडे पडला. धुराच्या पडद्यासमोर लक्ष्य काळे उठून दिसले तर पलीकडे. तेवढ्यात वारा धूर ओढून नेतो आणि उशिरा पाहणारा हमखास फसतो. ‘ड्रॉप ४००’ (चारशे मीटर अलीकडे), मग ‘ॲड २००’ (दोनशे पलीकडे), मग ‘ड्रॉप १००’ असे करत लक्ष्य दोन गोळ्यांच्या मध्ये पकडायचे आणि अंतर निम्मे-निम्मे करत आणायचे. गोळा नाल्यात पडून धूरच दिसला नाही, तर अंदाजाने दुरुस्ती द्यायची नाही, सरळ ‘दिसला नाही’ म्हणून कळवायचे. ही शिस्त अंगात मुरायला वेळ लागतो.

मागे कमांड पोस्टमध्ये काय चालते ते तर बाहेरच्यांना माहीतच नसते. एकाच कारखान्यातून एकाच महिन्यात आलेल्या दोन तोफा सारखा मारा करत नाहीत. नळी झिजत जाते तसा गोळ्याचा वेग कमी होत जातो; सेकंदाला एक मीटर वेग घटला तरी वीस किलोमीटरवर गोळा साधारण वीस-पंचवीस मीटर अलीकडे पडतो. दारूच्या चार्जचे तापमान मोजावे लागते, कारण सकाळच्या गारठ्यातला चार्ज आणि दुपारी उन्हात तापलेला चार्ज वेगळा जोर लावतात. फुगा सोडून वेगवेगळ्या उंचीवरचा वारा मोजतात. गोळा स्वतःभोवती फिरत जातो म्हणून बाजूला सरकतो, आणि लांबच्या माऱ्यात पृथ्वीचे फिरणेही हिशेबात धरावे लागते. दिशेतली एका मिलची (कोन मोजण्याचे बारीक माप) चूक म्हणजे वीस किलोमीटरवर वीस मीटर. एवढे सगळे करूनही साधा गोळा लांबच्या अंतरावर शंभरेक मीटर पुढेमागे पडू शकतोच. तोफखाना नेहमी अनेक तोफांनी, अनेक गोळ्यांनी बोलतो त्याचे कारण हेच.

आता इतिहासाकडे येतो. असईची लढाई मराठी वाचकांनी तोफांच्या नजरेतून पाहायला हवी. आपल्याकडे ती ‘इंग्रज सेनापती वेलस्ली जिंकला’ एवढ्यावरच संपते.

२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनजवळ केळणा आणि जुई या नद्यांच्या मधला पट्टा. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेत शंभराच्या आसपास तोफा होत्या. महादजी शिंद्यांनी द बॉइन्य या युरोपीय अधिकाऱ्याला हाताशी धरून कवायती कंपू, म्हणजे शिस्तबद्ध पायदळाच्या पलटणी, उभे केले आणि आग्र्याला तोफा ओतण्याचे काम सुरू केले, त्याचे हे फळ. तोफा उत्तम होत्या आणि गोलंदाज त्याहून उत्तम. वेलस्ली नदी ओलांडून डाव्या बगलेवर आला तेव्हा पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखालच्या कंपूंनी आख्खी आघाडी काटकोनात फिरवली. अशी हालचाल माराखाली करायला कवायत पक्की लागते. मग जो मारा सुरू झाला त्यात इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल आणि तोफची पटापट पडले आणि त्यांच्या तोफा जागीच अडकल्या. वेलस्लीला तोफा मागे टाकून संगिनी रोखून चाल करावी लागली. असई गावाकडे नको तेवढी सरकलेली ७४ वी हायलँडर पलटण गावातल्या तोफांपुढे जवळजवळ संपली. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून पंधराशेहून अधिक झाले. एवढ्या लहान फौजेला हा फार मोठा घाव होता.

तरी लढाई गेली. का? गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, अनेक तिथेच कापले गेले. काहीजण मेल्यासारखे तोफांखाली पडून राहिले आणि इंग्रजी रांग पुढे गेल्यावर उठून तोफा उलट्या वळवून पाठीमागून मारा करू लागले. पण त्यांना सांभाळणारे पायदळ मागे हटले होते आणि मराठी घोडदळाचा मोठा भाग लढाईत उतरलाच नाही. पायदळ आणि घोडदळाशिवाय उभी तोफ म्हणजे शत्रूच्या हाती जाणारी तोफ. अठ्ठ्याण्णव तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. त्यांतल्या पितळी तोफांची वेलस्लीने स्वतः वाखाणणी केली.

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला वेगळ्या वाटेने असेच झाले. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा जड होत्या आणि सकाळी त्यांचा जोर चालला. पण गारदी पायदळ पुढे सरकले तशी आपलीच माणसे त्यांच्या तोंडासमोर आली. अब्दालीकडच्या उंटांवरच्या जंबुरक या हलक्या तोफांना ती अडचण नव्हती, त्या हव्या तिथे हलवता येत होत्या. ओढायला जड आणि लढाईबरोबर पुढे न जाणारी तोफ दुपारनंतर निरुपयोगी होते, हा धडा त्या काळच्या युरोपातले सैन्यही तेव्हाच शिकत होते.

तिथपर्यंतच्या सगळ्या लढायांत गोलंदाजाला शत्रू समोर दिसत असे. तोफ उडाली की गाड्यासकट मागे जायची, ती परत ओढून आणून नव्याने नेम धरावा लागायचा. १८९७ मध्ये फ्रान्सने ७५ मिलिमीटरची जी तोफ आणली तिच्यात फक्त नळी मागे सरकायची आणि तेल-हवेच्या दाबाने आपोआप जागेवर यायची. गाडा जागचा हलत नसल्याने मिनिटाला पंधरा-वीस गोळे सुटू लागले. अशा माराखाली उघड्यावर तोफ उभी करणे अशक्य झाले, म्हणून तोफा टेकड्यांच्या आड गेल्या. आजचा तोफखाना तिथून सुरू होतो. तोफेला शत्रू दिसेनासा झाला आणि ओपीवरचा माणूस तिचा डोळा बनला.

पहिल्या महायुद्धात हे तंत्र किती महाग शिकावे लागले ते सोमच्या लढाईत दिसते. २४ जून १९१६ पासून आठवडाभर इंग्रजांनी १५ लाखांहून अधिक गोळे टाकले. १ जुलैला पायदळ उठले तेव्हा सेनापतींची समजूत होती की समोर कुणी जिवंत उरलेले नाही. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० जण मेले, जखमी वा बेपत्ता झाले. त्यात १९,२४० मृत. बरेच गोळे फुटलेच नाहीत. पुष्कळ गोळे श्रॅपनेलचे होते, ते उघड्यावरच्या माणसाला मारतात, पण काटेरी तार नीट कापत नाहीत आणि खोल भुयाराला तर काहीच करत नाहीत. आणि मारा वेळापत्रकाप्रमाणे पुढच्या रांगेवर सरकला तेव्हा पायदळ अजून मोकळ्या मैदानात होते. जर्मनांना भुयारातून वर येऊन मशीनगन लावायला तेवढा वेळ पुरला.

तोफखान्याचे खरे काम काय, ते यातून कळले. खंदकात बसलेला शत्रू गोळ्यांनी सगळाच्या सगळा मारता येत नाही. पण आपला जवान त्याच्या उरावर पोहोचेपर्यंत त्याचे डोके खाली ठेवता येते. शेवटचा गोळा आणि पहिला जवान यांच्यामधली वेळ जितकी कमी, तितका हल्ला यशस्वी. म्हणून पुढे सरकती गोळ्यांची भिंत आणि तिच्या मागोमाग चालणारे पायदळ ही पद्धत आली. जर्मनांनीही हे ओळखून दिवसेंदिवसांच्या माऱ्याऐवजी काही तासांचा, नेमका आणि तुफान मारा सुरू केला.

दुसरा बदल शत्रूच्या तोफा शोधण्यातला. लॉरेन्स ब्रॅगला वयाच्या २५ व्या वर्षी, १९१५ मध्ये, पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले तेव्हा तो आघाडीवर होता. अनेक मायक्रोफोन अंतराअंतरावर मांडून, तोफेचा आवाज प्रत्येकाकडे किती फरकाने पोहोचला यावरून तिची जागा काढण्याची पद्धत त्याने बसवली. अचूक सर्वेक्षण, हवामानाचे आकडे आणि प्रत्येक तोफेचा मोजलेला वेग यांची जोड मिळाल्यावर २० नोव्हेंबर १९१७ ला काम्ब्रे इथे सुमारे हजार तोफांनी एकही चाचणीचा गोळा न टाकता एकदम मारा केला. काम्ब्रे लोकांच्या लक्षात आहे ते रणगाड्यांमुळे. माझ्या मते त्या दिवसाचा तेवढाच मोठा मान या गणिती मंडळींचा आहे, कारण शत्रूला आधी चाहूल लागू न देता मारा करणे त्यांनी शक्य केले.

डोळ्याचे महत्त्व आपल्याकडे सिक्कीममधल्या नाथू ला या खिंडीत दिसले. ११ सप्टेंबर १९६७ ला कुंपणाच्या वादातून चिन्यांनी उघड्यावर काम करणाऱ्या आपल्या जवानांवर मशीनगन चालवल्या आणि आपली मोठी हानी झाली. मग भारतीय तोफा बोलू लागल्या. शेजारच्या सेबू ला आणि कॅमल्स बॅक या उंचीवरून आपल्या ओपींना खिंडीपलीकडचा चिनी प्रदेश खोलवर दिसत होता. त्यांना आपल्या तोफा तशा दिसत नव्हत्या. तीन दिवस चाललेल्या त्या लढाईचे पारडे या एका फरकाने फिरले.

आता कारगिल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बोफोर्सचे कौतुक सगळे करतात पण डोंगरात गोळा टाकणे किती अवघड आहे ते कुणी सांगत नाही.

मे १९९९ मध्ये तोलोलिंग शिखरावर बसलेल्या पाकिस्तानी ओपीला द्रासजवळचा श्रीनगर-लेह महामार्ग खाली उघडा दिसत होता आणि त्यांच्या तोफा गाड्यांच्या रांगांवर नेमके गोळे टाकत होत्या. आपल्याला मात्र शिखरावरचे संगर, म्हणजे दगड रचून केलेले मोर्चे, खालून दिसत नव्हते. त्यात हवा विरळ. विरळ हवेत गोळा जास्त लांब जातो, आणि कोष्टके तर बहुतेक सपाट प्रदेशासाठी बनवलेली. वर दरीत वारा एका दिशेने आणि शिखरावर भलत्याच दिशेने वाहतो. दिवसा आणि रात्री तापमानात एवढा फरक की संध्याकाळी जुळवलेला मारा पहाटे जुळत नाही.

सगळ्यात कठीण म्हणजे धार. मैदानात गोळा पन्नास मीटर पलीकडे पडला तरी त्याचे तुकडे लक्ष्यापर्यंत पोहोचतात. डोंगराच्या धारेवर तोच गोळा पन्नास मीटर चुकला तर शिखर ओलांडून मागच्या दरीत कित्येकशे मीटर खाली जाऊन फुटतो. वरच्या माणसाला फक्त आवाज ऐकू येतो. गोळ्यांचे पडणे नेहमी माऱ्याच्या दिशेने लांबट आणि आडवे अरुंद असते. म्हणून धार जिथून लांबीने मिळेल अशी जागा तोफांना शोधणे फायद्याचे असते, पण द्रासच्या अरुंद खोऱ्यात तोफ उभी करायला सपाट जागा मिळणेच मुश्कील. रस्त्याच्या कडेला जिथे बसतील तिथे तोफा लावल्या गेल्या आणि पाकिस्तानी मारा त्यांच्यावर येत राहिला. काही बोफोर्स तर शत्रूच्या नजरेसमोर आणून थेट नेम धरून शिखरांवर चालवल्या. हे धाडस होते. तसा मारा केल्यावर उत्तरादाखल गोळे येणार हे त्या तोफेवरच्या प्रत्येकाला माहीत होते, आणि आपले तोफचीही त्यात पडले.

प्रत्येक हल्ल्यात पायदळाच्या कंपनीबरोबर तोफखान्याचा एक अधिकारी आणि त्याचा रेडिओवाला रात्री दोराला धरून चढत होते. मारा कुठे आणायचा, किती जवळ आणायचा आणि कधी पुढे सरकवायचा हे तोच ठरवत होता. नेमून दिलेले सुरक्षित अंतर पाळायचे तर शेवटच्या टप्प्यात शत्रू डोके वर काढतो, आणि जवळ आणावे तर आपल्याच माणसांना धोका. हा निर्णय खिळखिळ्या दगडांवर, अंधारात, धापा टाकत घ्यायचा. १३ जूनला तोलोलिंग हाती आले, ४ जुलैला टायगर हिल. सुमारे ३०० तोफा, मॉर्टर आणि रॉकेट लाँचर रोज सरासरी पाच हजार गोळे टाकत होते, टायगर हिल घेतले त्या दिवशी नऊ हजार. सगळ्या युद्धात अडीच लाखांहून अधिक. द्रासजवळच्या ५१४० क्रमांकाच्या शिखराला २०२२ मध्ये ‘गन हिल’ नाव दिले ते याच कामासाठी.

या आकड्याची दुसरी बाजू अशी की दारूगोळा तातडीने परदेशातून मागवावा लागला आणि त्यातला बराचसा युद्ध संपल्यावर पोहोचला. शत्रूच्या तोफा शोधणारे चांगले रडार आपल्याकडे तेव्हा नव्हते. बोफोर्सचा करार १९८६ चा, आणि त्यानंतर तीस वर्षे १५५ मिलिमीटरची एकही नवी तोफ सैन्यात आली नाही. या काळात आम्ही ज्यांना शिकवले ते जुन्या तोफांवरच शिकले. याचे दुःख मला आजही आहे.

आता युक्रेन, म्हणजे मूळ प्रश्न.

जुलै २०१४ मध्ये झेलेनोपिल्या गावाजवळ उभ्या असलेल्या युक्रेनी तुकड्यांवर रशियन रॉकेट काही मिनिटांत कोसळली आणि मोठा संहार झाला. मे २०२२ मध्ये बिलोहोरिव्काजवळ सिव्हरस्की डोनेट्स नदी ओलांडणाऱ्या रशियन तुकडीची तीच गत युक्रेनी तोफांनी केली. पूल, रणगाडे, चिलखती गाड्या सगळे नदीकाठी जळून पडले. दोन्ही वेळा हवेतून पाहणाऱ्या डोळ्याने जागा दाखवली आणि मारले ते तोफखान्याने. पूर्वी ओपीला डोंगरावर चढून बसावे लागे आणि त्याला समोरचा उतारच दिसे. आज आकाशातला छोटा ड्रोन टेकडीमागे, झाडीमागे, गावाच्या पलीकडे पाहतो आणि पहिल्या गोळ्याची दुरुस्ती पडद्यावर देतो. लक्ष्य दिसण्यापासून गोळा पडेपर्यंतचा वेळ काही मिनिटांवर आला. त्यामुळे त्याच लक्ष्याला कमी गोळे लागतात.

पण तो डोळा दोन्ही बाजूंना मिळाला. सहा तोफा एका रांगेत मांडण्याची जुनी पद्धत तिथे संपली आहे. एकेक तोफ वेगळी, झाडीत किंवा खड्ड्यात, जाळ्याखाली लपलेली असते. दोन-चार गोळे टाकले की हलायचे किंवा पुरते गाडून घ्यायचे. आघाडीपासून दहा-पंधरा किलोमीटरच्या पट्ट्यात स्फोटक ड्रोनने आज खूप बळी घेतले आहेत आणि अलीकडच्या काळात तर तोफांपेक्षाही जास्त, हे मान्य करायलाच हवे. जे म्हणतात की ड्रोन हे तात्पुरते खूळ आहे, त्यांच्याशी मी सहमत नाही.

तरीही तोफ का लागते? स्फोटक ड्रोन एक-दोन किलोचा, फार तर थोडा मोठा स्फोट घेऊन जातो. १५५ चा गोळा ४३ किलोंच्या पुढचा असतो आणि त्यात सहा-सात किलो किंवा त्याहून जास्त स्फोटक. खंदक, ओंडक्यांचे छप्पर, पक्के घर यांवर या दोन्हींत तुलना नाही. धुके, पाऊस, बर्फ, जोराचा वारा यांत छोटा ड्रोन उडत नाही. गोळा तेव्हाही सुटतो, वारा फक्त हिशेबात धरावा लागतो. ड्रोनचा रेडिओ जॅम करता येतो. जीपीएसवर चालणारे अमेरिकी एक्सकॅलिबर गोळेही रशियन जॅमिंगमुळे तिथे पुष्कळ निष्प्रभ झाले. साध्या गोळ्याला मात्र जॅम करायला त्यात काहीच नसते. आणि पन्नास ठिकाणी, एकाच मिनिटाला, पुढचा तासभर मारा ठेवायचा असेल तर ते आजही तोफाच करतात. माणसे सर्वांत जास्त मरतात ती पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत, जमिनीवर आडवे होण्याआधी. बोफोर्स तेरा-चौदा सेकंदांत तीन गोळे सोडते, साखळीपट्ट्यांवर स्वतः चालणारी के-९ वज्र पंधरा सेकंदांत तीन. हा वेग त्यासाठीच असतो.

युक्रेनने सगळ्या जगाला सर्वांत मोठा धक्का दिला तो मात्र गोदामांच्या बाबतीत. युद्धाच्या सुरुवातीला अमेरिका १५५ चे महिन्याला सुमारे १४ हजार गोळे बनवत होती. युक्रेनमध्ये तेवढे तर काही दिवसांत संपत. युरोपियन युनियनने मार्च २०२४ पर्यंत दहा लाख गोळे देण्याचे कबूल केले आणि ते वेळेत जमले नाही. तोफांच्या नळ्या दीड-दोन हजार गोळ्यांनंतर बदलाव्या लागतात. त्या नळ्या बनवणारे कारखाने जगात मोजकेच. स्फोटके आणि चार्जची दारू यांची टंचाई झाली. ड्रोनची कमतरता काही महिन्यांत भरून काढता येते, नळी ओतणाऱ्या भट्टीची आणि दारू बनवणाऱ्या कारखान्याची भरून काढायला वर्षे लागतात.

म्हणून ३०७ तोफांच्या करारावर माझे मत अनुकूल आहे, पण काही अटींसह. अटॅग्ज पुण्यात पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने विकसित केली, बनवणाऱ्यांत पुण्याचीच भारत फोर्ज आणि टाटा आहेत. १५५ मिलिमीटर, ५२ कॅलिबरची, म्हणजे व्यासाच्या ५२ पट लांब नळी, चाचण्यांत ४८ किलोमीटरचा पल्ला. राजस्थान, पंजाब आणि लडाखच्या पठारी भागासाठी ती चांगली आहे. पण सुमारे १८ टन वजनाची तोफ अरुणाचल किंवा सिक्कीमच्या वळणावळणांच्या रस्त्यांवर ओढणे सोपे नाही. तिथे चार टनांच्या आसपासची, चिनूक हेलिकॉप्टरला लटकून जाणारी अमेरिकी एम-७७७ हवी, किंवा ट्रकवर बसवलेली तोफ. २८ सप्टेंबर १८२७ ला मुंबई इलाख्यात उभी राहिलेली तोफखान्याची तुकडी पुढे माउंटन बॅटरी झाली आणि तोफ सुटी करून खेचरांवर चढवू लागली. तो दिवस आम्ही आजही गनर्स डे म्हणून पाळतो. डोंगरात हलकी तोफ लागते हे खेचरांच्या काळाइतकेच आजही खरे आहे.

दुसरी अट डोळ्याची. तोफेबरोबर तिचे स्वतःचे ड्रोन, रडार आणि जॅमिंगमध्येही चालेल असा रेडिओ मिळाला पाहिजे. सैन्याने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलेल्या ‘दिव्यास्त्र’ बॅटऱ्या आणि ‘शक्तिबाण’ रेजिमेंटमध्ये ड्रोन तोफखान्याच्याच हातात देण्याचा विचार आहे, तो मला योग्य वाटतो. जो लक्ष्य पाहतो आणि जो मारतो त्यांच्यात तिसऱ्या कार्यालयाची परवानगी आली की लक्ष्य निघून जाते.

तिसरी अट सर्वांत नीरस वाटेल, पण पैसा आधी तिथे जावा असे मला वाटते. भंडाऱ्यात दारू बनते, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला गोळे भरले जातात, नागपूरजवळ अंबाझरीत गोळ्यांची पोकळ कवचे तयार होतात, आणि यांतले भंडारा आणि भद्रावतीचे कारखाने ज्या सरकारी कंपनीखाली आहेत तिचे मुख्यालय खडकीला आहे; अंबाझरीचा कारखाना वेगळ्या सरकारी कंपनीखाली आहे. तोफेच्या प्रत्येक नव्या रेजिमेंटबरोबर तिच्या वाट्याचे चार्ज, फ्यूज आणि राखीव नळ्या किती महिन्यांच्या लढाईला पुरतील हे आधी ठरवून तेवढी यंत्रे आणि माणसे या कारखान्यांत उभी करावीत. रोज पाच हजार गोळ्यांच्या कारगिलच्या वेगाने, आणि ते काही आठवडे नव्हे, तर वर्षभर.